डिमरचे बटण : घरात कोठे लावावे, दुकानात कोठे लावू नये

यवतमाळ, पुसद, दिग्रस, उमरखेड, कोठेही नवे घर किंवा नवे दुकान उभे राहिले की वायरमन विचारतो, "सेठ, डिमर बसवू का?" गोल फिरवायचे बटण, प्रकाश हवा तेवढा कमी-जास्त करता येतो. पण ते कोणत्या दिव्यावर चालते, हे न विचारता लावून घेणारेच जास्त. आम्ही कापडाच्या धंद्यातले, आमचा माल उजेडावर विकला जातो. म्हणून या बटणाविषयी जे पाहिले, विचारून घेतले, ते व्यापारी व कारीगर बंधूंपुढे ठेवीत आहोत.

जुन्या पंख्याचा मोठा डबा-रेग्युलेटर आठवा. पंखा हळू केला की डबा तापत असे, कारण वीज आतल्या तारेत जळून जाई. डिमरचे तसे नाही. आपल्याकडची २३० व्होल्टची वीज सेकंदाला ५० फेरे घेते, म्हणजे १०० अर्धे फेरे. प्रत्येक अर्ध्या फेऱ्याच्या सुरुवातीला साधा डिमर क्षणभर दार बंद ठेवतो आणि मग उघडतो. बटण फिरवून हा बंद वेळ वाढवला की दिवा मंद होतो. अमेरिकेत जोएल स्पायरा यांनी १९५९ साली भिंतीतल्या बटणाच्या जागेत मावेल असा डिमर तयार केला. त्यापूर्वी ही सोय मुख्यतः नाटकगृहातच असे.

ही युक्ती तारेच्या पिवळ्या बल्बसाठी होती. तापलेली तार क्षणभर वीज थांबली तरी विझत नाही. आजचा एलईडी बल्ब वेगळा. त्याच्या आत छोटे सर्किट असते. त्याला अशी तुटक वीज दिली की ते गोंधळते. दिवा लुकलुकतो, गुणगुणतो, बटण अर्ध्यावर आले की एकदम विझतो, आणि शेवटी वेळेआधी जातो. म्हणून खोक्यावर 'डिमेबल' असे लिहिलेलाच एलईडी डिमरवर लावावा. बाजारातले स्वस्त बल्ब बहुधा तसे नसतात.

दुसरी गोष्ट वॅटची. जुन्या धर्तीच्या डिमरला नीट चालायला कमीत कमी ४०-६० वॅटचा भार लागतो. त्यावर ९ वॅटचा एकच एलईडी लावला तर तो बिचारा लुकलुकणारच. उलट बाजूनेही सांभाळावे. डिमरवर ४०० वॅट लिहिले आहे म्हणून ४०० वॅटचे एलईडी त्यावर चढवू नयेत. तो आकडा पिवळ्या बल्बचा असतो. एलईडीचा वेगळा आणि पुष्कळ कमी असतो. तो लिहिलेला नसेल तर तो डिमर एलईडीसाठी घेऊच नये.

चोकची ट्यूबलाइट आणि साधा सीएफएल यांना डिमर लावूच नये. पंख्यावरही दिव्याचा डिमर नको. मोटर घूं-घूं करते आणि तापते. पंख्याचा रेग्युलेटर दिव्यावर लावणे हेही तितकेच चूक.

"बिल वाचते" असे विकणारा सांगतो. हिशेब करून पाहू. पिवळ्या बल्बचा व्होल्टेज १० टक्के कमी केला तर प्रकाश सुमारे ३० टक्के घटतो, वीज मात्र १५ टक्केच वाचते. म्हणजे उजेड जास्त गेला, पैसा कमी वाचला. १०० वॅटचा बल्ब रोज ५ तास जळला तर महिन्याला १५ युनिट. ९ वॅटचा एलईडी तितकाच जळला तर १.३५ युनिट. तो डिमरने निम्मा केला तर महिन्याला पाऊण युनिटही वाचत नाही. ज्याला बिल कमी करायचे आहे त्याने बल्ब बदलावा. मशिदीच्या किंवा मदरशाच्या मोठ्या हॉलमध्ये डिमरपेक्षा प्रत्येक ओळीला वेगळे बटण द्यावे. मागच्या सफा रिकाम्या असतील तेव्हा मागचे दिवे बंद. खर्च थोडा, फायदा रोजचा.

आता दुकानाचे. एका सजावटवाल्याने आम्हाला सुचविले की काउंटरवर पिवळा मंद उजेड ठेवा, माल भारी दिसतो. दिसतो, यात शंका नाही. जरी उठून दिसते, लाल रंग खुलतो. पण त्याच उजेडात गर्द निळा आणि काळा एक होऊन जातात, कारण उजेड कमी झाला की डोळ्याची रंग ओळखण्याची ताकदच घटते. बुरख्याचे कापड विकणाऱ्यांना हे सांगायला नको. काळ्यातही निळसर काळा, हिरवट काळा, तपकिरी काळा असतो. दुपट्टा एका थानाचा आणि अंगाचे कापड दुसऱ्या थानाचे निघाले की फरक घराच्या अंगणात कळतो. दोन कापडे एका दिव्याखाली जुळतात आणि दुसऱ्याखाली जुळत नाहीत, हे तर रंगाऱ्यालाही ठाऊक असते. म्हणूनच जुने गिऱ्हाईक थान घेऊन दुकानाच्या दारात जाते. मोठ्या गिरण्यांत रंग तपासायला दिवसासारख्या उजेडाची खास पेटी ठेवतात. आपण काउंटरवर निदान ५००० ते ६५०० केल्व्हिनचा, रंग दाखवण्याचा अंक, म्हणजे सीआरआय, ९० च्या आसपास असलेला दिवा ठेवावा आणि तो पूर्ण जळू द्यावा. पोत, डाग, तुटलेला धागा, सारे दिसू द्यावे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल काढली आणि ती वर का ठेवली नाही असे विकणाऱ्याला विचारले, ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. मंद उजेडाखाली मालाचा ऐब झाकणे याला आम्ही त्याहून वेगळे मानीत नाही. टेलर आणि जरीकाम करणाऱ्यांना तर मंद उजेड मुळीच परवडत नाही, डोळ्यांवर ताण येतो. हां, रस्त्याकडच्या काचेच्या शोकेसला रात्री डिमर असला तर हरकत नाही, तिथे सौदा होत नाही.

डिमरची खरी जागा घरात आहे. आजारी माणसाच्या खोलीत, तान्हे मूल असलेल्या खोलीत, जिथे रात्री दोनदा उठावे लागते. रमजानमध्ये सहरीला उठताना मुलांची झोप मोडू नये, यासाठी मधल्या खोलीत तो फार उपयोगी पडतो.

बसवताना मेन बंद करून जाणत्या वायरमनकडूनच बसवावा. डिमर फेजच्या तारेत असावा, न्यूट्रलमध्ये नाही. बटण शून्यावर आणले तरी होल्डरमध्ये वीज असू शकते, म्हणून बल्ब बदलतानाही मेन बंद करावा. डिमर थोडा कोमट लागणे साहजिक आहे. हात ठेववत नसेल इतका तापला तर काढून टाकावा. आणि कापडाच्या गठ्ठ्यामागे किंवा रुईच्या पोत्याजवळ तो कधीही बसवू नये.

आपल्याकडे भारनियमनाच्या काळात घरोघरी इन्व्हर्टर आले. त्यातले जुने स्वस्त इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचे आहेत. त्यावर डिमर बिघडल्यासारखा वागतो, गुणगुणतो. साइन वेव्हचा इन्व्हर्टर नसेल तर डिमरची ओळ इन्व्हर्टरवर घेऊ नये. विकत घेताना बल्ब आणि डिमर दोन्ही एकाच दुकानातून घ्यावेत. दुकानातच जोडून, बटण अगदी खाली नेऊन पाहावे. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघितल्यावर दिव्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा लुकलुकतो आहे असे समजावे, डोळ्याला दिसो वा न दिसो. घरी जाऊन जोडी जमली नाही तर बदलून मिळेल, ही बोली पैसे देण्याआधी करून घ्यावी.