कार्डावरचे वय आणि खरे वय



बारावी झाली की परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेडची आपली मुले शिक्षणासाठी पुणे किंवा छत्रपती संभाजीनगरला जातात. तिथे एखाद्या वाढदिवसाला पहिला ग्लास पुढे येतो. वय कमी पडले तर कोणी मोठ्या मित्राचे कार्ड घेतो, कोणी झेरॉक्सवर जन्मतारीख बदलतो. "एवढ्याने काय बिघडते?" असे मुलांना वाटते. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे दारू पिण्यासाठी परवाना लागतो. बिअर व वाईनसाठी २१ वर्षे आणि इतर दारूसाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. जन्मतारीख खोडून बदलणे हा निव्वळ खोडकरपणा नव्हे. बनावट कागद तयार करणे आणि तो खरा म्हणून वापरणे, हे दोन्ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ व ३४० खाली गुन्हे आहेत. १८ वर्षांखालील मुलाला दारू देणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

कायद्याने फरक पडतो का?

अमेरिकेत दारूसाठी २१ वर्षांची अट आहे. तिथल्या काही राज्यांनी कार्ड यंत्राने तपासणाऱ्या दुकानदाराला कायद्याचा आधार दिला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, त्यामुळे कमी वयाच्या मुलांचे पिणे कमी झाले; मात्र हा परिणाम मुख्यतः सुरुवातीच्या काळात दिसला. म्हणजे तपासणी उपयोगी पडते, पण ती एकटी पुरत नाही.

आपल्याकडे तर पुष्कळदा खोट्या कार्डाची गरजही पडत नाही, कारण कोणी विचारतच नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला १७ वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. त्याआधी वय न तपासता त्याला दारू दिली, असा आरोप ठेवून पोलिसांनी पबशी संबंधित लोकांना अटक केली.

पवित्र शास्त्राचा प्रकाश

उत्पत्तीच्या २७ व्या अध्यायात याकोब हातांना करडाची कातडी बांधून एसाव म्हणून वडिलांपुढे जातो. इसहाकाला आवाजावरून शंका येते, तरी शेवटी तो हातांवर विश्वास ठेवतो. आशीर्वाद मिळाला, पण घर दुभंगले आणि याकोबाला पळून जावे लागले. खोटी ओळख दाखवणारा आणि शंका येऊनही पुढे जाऊ देणारा, दोघांनी आठव्या आज्ञेचा विचार करावा.

घरी बोलण्यासाठी

१. आपले कार्ड मित्राला देणे ही मदत आहे का?
२. दुकानातून दारू आणायला आपण लहान मुलाला पाठवतो का?
३. "मी प्यालो" हे मुलाला न घाबरता सांगता येईल, असे आपले घर आहे का?