रजेच्या अर्जात किती सांगायचं?

प्रश्न : वय ४१. ठाण्यात एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम करते. वजन कमी करण्यासाठी पुढच्या महिन्यात स्लीव्ह शस्त्रक्रिया ठरली आहे. रजा किती टाकू? साहेबांना खरं कारण सांगावंच लागेल का?

उत्तर : काम बैठं आहे, तर दोन ते तीन आठवडे धरा. दोन-तीन दिवसांत घरी सोडतात, पण दुर्बिणीची म्हणजे किरकोळ, असा समज नको; जठराचा मोठा भाग काढलेला असतो. पहिले साधारण दोन आठवडे पातळ आहारावर जातात, थकवा लवकर येतो. फायलींचे गठ्ठे महिना-दीड महिना दुसऱ्या कुणाला उचलू द्या.

साहेबांना ‘पोटाची शस्त्रक्रिया’ एवढं पुरे. ते खोटं नाही. प्रमाणपत्रावरचे शब्द सर्जनशी आधीच ठरवा. हर्नियाची वगैरे थाप मात्र मारू नका. विम्याच्या कागदांत ती उघडी पडते. कंपनीचा समूह विमा वापरणार असाल तर दाव्याचे कागद एचआरच्या हातून जातात की थेट टीपीएकडे (विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेकडे), हे आधी विचारा. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेसाठी पॉलिसीत बीएमआयची अट आणि प्रतीक्षा कालावधी असू शकतो, तोही बघा.

खरी पंचाईत डब्याच्या वेळी. चार घासांत पोट भरतं, जेवताना पाणी टाळायचं असतं आणि शेजारची ‘एवढंसंच?’ म्हणत पोळी वाढणारच! एका विश्वासू मैत्रिणीला सांगून ठेवा. वाढदिवसाचा केक ती परस्पर दुसरीकडे वळवेल.