फवारणीचे विष हापशीपर्यंत कसे येते? माती ओळखा, पाणी जपा

पावसाळा लागला की आपल्या वस्त्यांतली माणसे दोन बाजूंनी विषाच्या जवळ येतात. एक म्हणजे कामातून. पाठीवर पंप घेऊन फवारणीला जाणारे, ड्रममध्ये पाणी आणून ओतणारे आणि दोन दिवसांनी त्याच शेतात निंदायला जाणारे अनेक जण आपल्याच घरांतले असतात. दुसरी बाजू पाण्याची. कितीतरी गावांत वस्ती गावाच्या कडेला, शेताला किंवा नाल्याला लागून आहे. तिथल्याच विहिरीचे, तिथल्याच हापशीचे पाणी आपल्या माठात येते.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. ते विष श्वासातून आणि कातडीतून गेले. पाण्यातून येणारे विष असे एकदम दिसत नाही. पाणी स्वच्छ दिसते, चवही बदलत नाही. म्हणून या वेळी आम्ही त्याच्याविषयी लिहीत आहोत. शेतात मारलेले विष आपल्या पाण्यात येणार की नाही, हे बरेचसे त्या शेतातली माती ठरवते.

काही औषधे हळदीसारखी, काही मिठासारखी

हळदीचा डाग कापडाला धरून बसतो, मीठ पाण्याबरोबर निघून जाते. शेतातली औषधेही अशीच असतात. सायपरमेथ्रिन, क्लोरपायरिफॉस ही हळदीच्या जातीची. ती मातीच्या कणांना घट्ट चिकटतात, खाली सहसा झिरपत नाहीत. मोनोक्रोटोफॉस मिठाच्या जातीचे. ते पाण्यात सहज विरघळते आणि माती त्याला फारसे धरत नाही. इमिडाक्लोप्रिड आणि मक्यात मारले जाणारे ॲट्राझिन हे तणनाशक यांनाही हलकी माती धरून ठेवत नाही. ॲट्राझिन युरोपात पुष्कळ ठिकाणी भूजलात सापडू लागले, तेव्हा २००४ साली युरोपीय संघाने त्याची परवानगी काढून घेतली.

हळदीच्या जातीचे औषध निर्धोक, असे मात्र कोणी समजू नये. मुसळधार पावसात माती वाहून गेली की तिच्या कणांबरोबर तेही नाल्यात जाते. सायपरमेथ्रिन माशांना अगदी थोड्या प्रमाणातही मारक आहे. फवारणीनंतर नाल्यात मेलेले मासे तरंगताना दिसले तर ते घरी आणू नका, आणि ते पाणी जनावरांनाही पाजू नका.

आपली माती कोणती?

मूठभर माती घ्या, खडे काढा, पाणी घालून मळा आणि तळहातावर तिची वळी करा. लांब, बारीक वळी न तुटता झाली तर माती भारी, चिकण. वळी होते पण वाकवताना तुटते, तर मध्यम, पोयट्याची. वळी होतच नसेल तर हलकी, वाळूची किंवा मुरमाड.

हलकी, मुरमाड, बरड जमीन : माळावरची आणि गायरानाची जमीन बहुधा अशीच असते. हिच्यातून पाणी झरझर खाली जाते. चिकणमाती कमी, सेंद्रिय कर्बही कमी, त्यामुळे विषाला धरून ठेवणारे फारसे काही नसते. खाली मुरूम आणि फटींचा काळा पाषाण. विष वरच्या मातीत राहिले तर तिथले सूक्ष्म जीव आणि ऊन त्याला हळूहळू मोडतात. एकदा का ते दगडाच्या फटीत उतरले की मोडण्याचा वेग फार मंदावतो. अशा जमिनीत विहीर किंवा हापशी जवळ असेल तर मिठाच्या जातीचे औषध टाळणेच बरे.

काळी भारी जमीन : विदर्भ-मराठवाड्यातली कापसाची जमीन. हिच्यात चिकणमाती भरपूर, त्यामुळे ती औषधाला चांगली धरते. पण हिला दोन खोडी आहेत. वाळली की हिला खोल भेगा पडतात. पावसाने ओढ दिल्यावर फवारणी झाली आणि मागून मोठा पाऊस आला, तर पाणी मातीतून गाळून न जाता भेगांतून सरळ खाली उतरते. दुसरी खोड म्हणजे ओली झाली की ही माती फुगते, भेगा बुजतात आणि पाणी वरूनच वाहू लागते. म्हणून भेगा दिसत असताना, किंवा जोराच्या पावसाचा अंदाज असताना, या जमिनीत फवारणी करू नये.

कोकणातली जांभ्याची जमीन : पाऊस प्रचंड आणि जांभा दगड छिद्रांचा. पाणी पटकन मुरते आणि उतारावरच्या झऱ्यांतून, विहिरींतून बाहेर येते. झऱ्याच्या वरच्या बाजूला फवारणी नको.

नदीकाठची पोयट्याची जमीन : पिकाला उत्तम, पण भूजल पुष्कळदा जवळ असते. नदी, नाला आणि विहीर यांच्या कडेचा पट्टा फवारणीविना सोडावा. तिथे गवत वाढू द्यावे. ते वाहून येणारी माती अडवते.

कोणत्याही जमिनीत शेणखत, कंपोस्ट, पालापाचोळा घातला की सेंद्रिय कर्ब वाढतो आणि माती औषधाला जास्त धरते. मृदा आरोग्य पत्रिकेत सेंद्रिय कर्बाचा आकडा दिलेला असतो. तो कमी असेल तर ती जमीन पाण्याच्या दृष्टीने जास्त जोखमीची समजा.

पाण्यात किती विष चालते?

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मोनोक्रोटोफॉसची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम आहे आणि ॲट्राझिनची २. याचा हिशेब घरच्या भाषेत असा. एक ग्रॅम मोनोक्रोटोफॉस दहा लाख लिटर पाणी मर्यादेपर्यंत नेऊन ठेवते. म्हणजे दहा हजार लिटरचे शंभर टँकर. त्यामुळे हापशीच्या ओट्यावर पंप धुणे किंवा विहिरीच्या काठावर औषध कालवणे ही किरकोळ गोष्ट नाही. शेतभर केलेल्या फवारणीने जेवढे विष विहिरीत येणार नाही, तेवढे काठावर सांडलेल्या एका झाकणाने येऊ शकते. तिथे विषाला अडवायला मातीच मध्ये नसते.

पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण कीटकनाशक निघून जाईल याची खात्री नाही. पाणी आटले तर उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढू शकते. तुरटी आणि क्लोरीन यांवरही विसंबता येत नाही. कोळशाच्या गाळणीने बरीच औषधे कमी होतात, पण ती वेळेवर बदलावी लागते. त्यापेक्षा दुसऱ्या सुरक्षित ठिकाणचे पाणी घेणे सोपे. गरोदर बाई आणि लहान मूल घरात असेल तर त्यांच्यासाठी आधी घ्या.

आपण काय करावे

१. औषध कालवणे आणि पंप धुणे विहीर, हापशी, नाला यांपासून किमान ३० मीटर, म्हणजे साधारण ४० पावले दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला करा. धुतलेले पाणी त्याच पिकावर फवारून संपवा.

२. औषध घेताना कृषी सहायकाला किंवा दुकानदाराला दोन प्रश्न विचारा : हे पाण्याबरोबर खाली झिरपते का? माझी जमीन हलकी आहे आणि विहीर जवळ आहे, दुसरे काय चालेल? मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर २००५ पासून बंदी आहे, हेही लक्षात ठेवा.

३. डब्यावरचा त्रिकोण पाहा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. हा रंग माणसाला होणाऱ्या विषबाधेचा आहे. औषध भूजलात जाईल की नाही, हे त्यावरून कळत नाही.

४. रिकामा डबा पाण्यासाठी, तेलासाठी, कशासाठीही घरात आणू नका. तीनदा विसळा, विसळलेले पाणी पंपात ओता आणि डब्याला भोके पाडा.

५. दुसऱ्याच्या शेतात मजुरीने फवारणी करत असाल तर हातमोजे, मास्क, अंगभर कपडे मागा. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत फवारणी करणाऱ्याला संरक्षक कपडे देण्याची तरतूद आहे. मागणे हा उद्धटपणा नाही.

६. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला वस्तीच्या हापशीचा नमुना तपासणीला पाठवायला सांगा. गावातल्या तपासणी संचात नायट्रेट, फ्लोराइड कळते, कीटकनाशक कळत नाही. त्यासाठी सगळ्या वस्तीने मिळून लेखी अर्ज द्या, "कीटकनाशकांची तपासणी हवी" असे स्पष्ट लिहा आणि पोच घ्या.

फवारणीनंतर डोळ्यांपुढे अंधारी, तोंडाला फेस, दरदरून घाम, उलटी, अंगाला झटके अशी लक्षणे दिसली तर माणसाला शेतातून बाहेर काढा, कपडे उतरवा, साबणाने अंग धुवा आणि १०८ ला फोन करा. मुद्दाम उलटी काढू नका. औषधाचा डबा सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना उपचार ठरवता येतो.

आपण शेतकऱ्याला "औषध मारलं का?" असे विचारतो. पिकाला ते औषध असेल, आपल्या माठात आले की ते विषच आहे. या आठवड्यात वस्तीतल्या चारजणांनी मिळून एवढे करा : हापशीभोवतीच्या शेतांतली माती मळून पाहा, उतार कुठून कुठे जातो ते बघा, आणि ओट्यावर पंप धुणे बंद करायचे हे सगळ्यांच्या संमतीने ठरवा. याला एक रुपयाही लागत नाही.