खनिजांची ओळख : पाहणे आणि पडताळणे



आमचा विषय इतिहास. खनिजांविषयी आम्ही लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु इतिहासाचा अभ्यासकही पुराव्यावरच जगतो. एखादा ताम्रपट अस्सल की बनावट, हे तो अनेक कसोट्या लावून ठरवितो. खनिजाचीही ओळख तशीच पटवावी लागते. आपल्या वसतिगृहातील एका विद्यार्थ्याने आणलेल्या खड्यामुळे हा विषय आम्हांस नव्याने शिकावा लागला. त्या खड्याची हकिकत शेवटी सांगू. आधी परीक्षेची रीत पाहू.

खनिज म्हणजे निसर्गात तयार झालेला, ठरावीक रासायनिक घटना व ठरावीक अणुरचना असलेला घन पदार्थ. खडक हा बहुधा अनेक खनिजांचा समूह असतो. अणुरचना ठरावीक असल्यामुळे प्रत्येक खनिजाचे काही भौतिक गुणधर्मही ठरलेले असतात. त्यांचीच आपण परीक्षा घेतो.

प्रथम लक्षात येतो तो रंग. आणि सर्वांत अधिक फसवितो तोही रंगच. आपण जिला गारगोटी म्हणतो, ते क्वॉर्ट्‌झ नावाचे खनिज पांढरे, गुलाबी, जांभळे, पिवळे वा धुरकट असू शकते. अत्यल्प अशुद्धीनेही रंग पालटतो. म्हणून रंगाची नोंद करावी, मात्र त्यावरून निर्णय देऊ नये.

त्याहून विश्वासू म्हणजे कस, अर्थात खनिजाच्या चूर्णाचा रंग. सोनार कसोटीच्या दगडावर सोने घासून पाहतो, तीच ही रीत. भिंतीला लावावयाच्या टाइलची मागची, चकाकी नसलेली बाजू यासाठी पुरेशी होते. हेमॅटाइट हे लोहखनिज पुष्कळदा काळे-करडे दिसते. पण घासले की तांबूस तपकिरी रेघ उमटते. मॅग्नेटाइटही काळेच, परंतु त्याची रेघ काळी येते आणि लोहचुंबक त्याला चटकन ओढतो. पायराइट सोन्यासारखे पिवळे चमकते. त्याची रेघ मात्र हिरवट काळी असते. सोन्याची रेघ सोनेरीच राहते.

अजिंठ्याच्या चित्रकारांना चूर्णाच्या रंगाचे हे महत्त्व ठाऊक असले पाहिजे. तेथील भिंतींवर लाल व पिवळी काव, हिरवी माती, पांढरी माती व काजळी हे रंग दिसतात. लाल कावेचा रंग हेमॅटाइटचाच. लेण्यांतील निळ्या रंगासाठी लाजवर्द मात्र दूरदेशाहून आणावा लागे. दगड वरून कसा दिसतो यापेक्षा कुटल्यावर कोणता रंग देतो, हे ज्यांनी घासून पाहिले, त्यांनीच ती चित्रे घडविली.

तिसरी परीक्षा कठिनतेची. फ्रीडरिख मोस या खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली दहा खनिजांची श्रेणी लावली : १ शंखजिरे, २ जिप्सम, ३ कॅल्साइट, ४ फ्लुओराइट, ५ ॲपेटाइट, ६ ऑर्थोक्लेज फेल्स्पार, ७ क्वॉर्ट्‌झ, ८ टोपॅझ, ९ कुरुंद, १० हिरा. वरच्या क्रमांकाचे खनिज खालच्यावर ओरखडा काढते. हे आकडे केवळ क्रम सांगतात. हिरा कुरुंदापेक्षा प्रत्यक्षात कितीतरी पटींनी कठीण आहे. संपूर्ण संच आपल्यापाशी नसला तरी अडत नाही. नखाची कठिनता सुमारे २.५, तांब्याची सुमारे ३, खिडकीच्या काचेची सुमारे ५.५ धरावी. ओरखडा उमटला असे वाटल्यास बोट फिरवून पाहावे. पुसला गेला तर ती नुसती भुकटी होती, टिकला तर तो खरा ओरखडा.

चौथी परीक्षा खनिज फुटते कसे, याची. काही खनिजे ठरावीक सपाट प्रतलांवर दुभंगतात. याला पाटन म्हणतात. अभ्रकाचे पापुद्रे एकाच दिशेने सुटतात. सैंधवाचे तुकडे काटकोनी, तर कॅल्साइटचे तिरप्या चौकटीसारखे पडतात. क्वॉर्ट्‌झला असे पाटन नाही. ते फुटले की शिंपल्यासारखे वक्र पृष्ठ दिसते. त्याला शंखाभ भंजन असे म्हणतात.

पाचवी परीक्षा विशिष्ट गुरुत्वाची. दगड दोऱ्याने तानकाट्याला टांगून हवेत तोलावा, मग पाण्यात बुडवून तोलावा. हवेत १०६ ग्रॅम व पाण्यात ६६ ग्रॅम भरला, तर घट ४० ग्रॅम. १०६ ला ४० ने भागले की २.६५ येतात, हेच क्वॉर्ट्‌झचे विशिष्ट गुरुत्व. शिशाचे खनिज गॅलेना सुमारे ७.५ भरते, म्हणून लहानसा तुकडाही हाताला जड लागतो.

आता या कसोट्या एकत्र लावून पाहू. समोर चार पांढरे दगड आहेत. पहिला नखाने सहज खरवडतो आणि बोटांना साबणासारखा लागतो : शंखजिरे. दुसऱ्यावरही नखाचा ओरखडा उमटतो, पण स्पर्श साबणासारखा नाही : जिप्सम. तिसऱ्यावर नख चालत नाही, चाकू चालतो, आणि त्याच्या भुकटीवर लिंबाचा रस टाकला की बुडबुडे येतात : कॅल्साइट. चौथा काचेवरच ओरखडा काढतो, त्याला पाटन नाही : गारगोटी. एका परीक्षेने संशय उत्पन्न होतो; तीन-चार परीक्षांनी तो फिटतो. आपल्या काळ्या पाषाणाच्या खाणींत पोकळ्यांमध्ये शुभ्र स्फटिक सापडतात. ते कॅल्साइटचे, क्वॉर्ट्‌झचे की स्टिल्बाइटसारख्या झिओलाइटचे, हेही याच रीतीने शोधता येते. मात्र अनोळखी दगड चाटून पाहू नये, फोडताना डोळे झाकावेत, आणि प्रयोगशाळेतील आम्ल शिक्षकांखेरीज हाताळू नये.

आता त्या खड्याविषयी. दहावीतील एका विद्यार्थ्याच्या गळ्यात पिवळा खडा होता. त्याची आई खडीच्या खाणीवर मजुरी करते. बाजारात एका विक्रेत्याने पुष्कराज म्हणून तो खडा तिला दिला होता. त्यापायी तिची दोन महिन्यांची बचत गेली. या खड्याने मुलगा उत्तीर्ण होईल, असेही तिला सांगण्यात आले होते. कसोट्यांचा पाठ झाल्यावर मुलगा आमच्याकडे आला व हळूच म्हणाला, “सर, हा पण तपासू या का?” आम्ही त्याला सांगितले की, घासल्यास खड्याला इजा होईल, आधी आईला विचार.

रविवारी ती माउली भेटीस आली. तिच्या संमतीने खडा भिंगाखाली धरला. आत गोल बुडबुडे दिसले. पुष्कराज हा कुरुंदाचा प्रकार, कठिनता ९. त्याने गारगोटीवर ओरखडा काढावयास हवा. तो निघाला नाही. उलट गारगोटीनेच खड्याच्या कडेवर रेघ पाडली. ती काच होती.

“म्हणजे पैसे गेले का, गुरुजी?” तिने विचारले.

“गेले, ताई,” एवढेच आम्ही म्हणू शकलो.

थोड्या वेळाने तिने विचारले, “आणि खरा असता तर?”

या प्रश्नाने आम्हांस विचार करावयास लावले. खरा पुष्कराजही कठीण, जड व तेजस्वी असतो. या गोष्टी कोणीही तपासू शकतो. तो मुलास उत्तीर्ण करतो, हे दाखविणारी परीक्षा कोणती? आम्ही तिला तसे सांगितले. ती काही काळ मुलाच्या वहीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “एवढ्यात ह्याची पुस्तकं आली असती.”

ऐकीव गोष्ट पडताळल्यावाचून स्वीकारू नये, हे आपल्या शाळेत वारंवार सांगितले जाते. ते किती खर्चाचे असते, हे आम्हांस त्या दिवशी कळले.

तो मुलगा आता शाळेच्या खनिजपेटीची व्यवस्था पाहतो. सुट्टीहून परतताना प्रत्येकाने आपल्या गावचा एक दगड आणावा. सोबत चिठ्ठीवर सापडल्याचे ठिकाण, रंग, कस, कठिनता व पाटन लिहावे. नाव ठरले नाही तर ‘अनोळखी’ असे लिहावे. अंदाजाने नाव देऊ नये. पेटीत अनोळखी दगडांसाठीही एक कप्पा ठेवलेला आहे.