मांडवाआधी कागद

पोरी, परदेशी जावई आणतेस याचं घरात कुणाला काही वाटलं नाही. तुझे काका तर त्याला मिसळ खाऊ घालायला टपलेत. मला घोर एवढाच, की कागदांचा पत्ता नाही आणि लोणावळ्याचं रिसॉर्ट मात्र धरून झालंय. म्हणून सांगते.

१. सप्तपदी घाल, हौस कर, पण तेवढ्यानं लग्न झालं असं समजू नकोस — तू हिंदू, तो ख्रिश्चन; हिंदू विवाह कायदा दोघंही हिंदू असतील तरच चालतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली सांगून टाकलंय. तुमचं कायद्याचं लग्न १९५४च्या विशेष विवाह कायद्यानं, विवाह अधिकाऱ्यापुढे.

२. आधी नोटीस, मग रिसॉर्टची तारीख — नोटिशीनंतर ३० दिवस थांबावं लागतं, आणि तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. नोटिशीआधी दोघांपैकी एकानं त्या जिल्ह्यात सलग ३० दिवस राहिलेलं असलं की पुरे. तू तळेगावात आहेसच. मांडवाला घाई, शिक्क्याला जांभई!

३. पासपोर्ट, आधार, जन्मदाखला, तिन्हींवर नावाचं स्पेलिंग आजच ताडून बघ — एक अक्षर चुकलं की व्हिसाच्या खिडकीशी तूच चुकीची ठरतेस.

४. तो अविवाहित असल्याचं त्याच्या वकिलातीचं पत्र माग. आधी घटस्फोट झाला असेल तर त्याचा हुकूमनामाही. यात लाजायचं काय — पहिलं लग्न कायद्यानं संपलेलं नसेल तर दुसरं उभंच राहत नाही.

५. तो आपल्याकडे उतरला की २४ तासांत त्याच्या मुक्कामाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा. हॉटेलवाले भरतात, घरचे विसरतात.

६. पवनेकाठचं शेत त्याच्या नावावर घ्यायचं स्वप्न सोड — परदेशी नागरिकाला शेतजमीन विकत घेता येत नाही, ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड असलं तरी. ते कार्डही लग्न नोंदवून, टिकून दोन वर्षं झाल्यावरच मागता येतं.

७. आता अभद्र वाटेल, तरी ऐक. तिकडच्या कोर्टाचं घटस्फोटाचं पाकीट आलं तर वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नकोस, हजरही होऊ नकोस — १९७५ साली तिरुपतीला लग्न करून एका नवऱ्यानं अमेरिकेत, मिसुरीत, घटस्फोट मिळवला होता. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली तो इथं मानला नाही. पण आपण होऊन त्या कोर्टापुढे गेलीस की हे कवच पातळ होतं.

८. भांडण कितीही होवो, लेकराला उचलून गुपचूप मावळात येऊ नकोस — तिकडे तो गुन्हा ठरू शकतो. मुलं पळवण्याविषयीच्या १९८०च्या हेग करारात भारत नाही, म्हणून इथला खटलाही लांबतो; न्यायाधीश मुलाचं हित बघतात, आईबापाची जिद्द नाही.

९. पुढे दत्तक घ्यावंसं वाटलं तर आनंदच; पुण्याच्या ‘श्रीवत्स’ अनाथाश्रमातून दत्तक गेलेली लिसा स्थळेकर ऑस्ट्रेलियाकडून क्रिकेट खेळली. फक्त नात्यातलं मूलही होमहवन करून विमानात बसवता येत नाही — ‘कारा’ या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाचं ना-हरकत पत्र लागतं.

नोटीस दिलीस की फोन कर. साक्षीदार तीन लागतात. त्यातलं एक नाव माझं धर. आधार कार्ड पर्समध्येच असतं.