बी. एड. चा जमाखर्च

पदवी परीक्षेचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो : पुढे काय? आपल्या सीमाभागात त्याचे ठरलेले उत्तर म्हणजे 'बी. एड. करून टाक'. मास्तरकीला मान आहे, सुट्ट्या आहेत आणि नोकरी लागलीच तर ती जन्माची. हे सारे खरे असले तरी शेजाऱ्याचा मुलगा लागला म्हणून आपणही लागू, हा काही हिशेब नव्हे. शेतकरी बी पेरण्यापूर्वी बियाणे, खत, मजुरी आणि बाजारभाव यांचा अंदाज बांधतो. आयुष्याची दोन वर्षे पेरताना आपणही तसाच अंदाज बांधावयास हवा. तो कसा बांधावा, एवढेच या लेखात पाहावयाचे आहे.

शिक्षण ही गुंतवणूक

शिक्षणावरील खर्चाकडे गुंतवणूक म्हणून पाहण्याची दृष्टी नवी नाही. मोठा खर्च करून शिकविलेल्या माणसाची तुलना अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्येच महागड्या यंत्राशी केली होती. १९६० मध्ये थिओडोर शुल्ट्झ यांनी अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांसमोर 'मानवी भांडवल' या विषयावर अध्यक्षीय भाषण केले आणि १९६४ मध्ये गॅरी बेकर यांनी त्याच विषयावर ग्रंथ लिहिला. त्यानंतर हा विचार अर्थशास्त्रात रूढ झाला. शिक्षणाचा एकूण खर्च आणि त्यामुळे आयुष्यभर वाढणारी मिळकत यांची तुलना करावी, हे त्याचे सार.

खर्चाची बाजू

बहुतेक पालक खर्च म्हणजे फी समजतात. वास्तविक खर्चाचे तीन भाग पडतात. पहिला फीचा. दुसरा पुस्तके, पाठांचे साहित्य, बसभाडे आणि वसतिगृह यांचा. घरचे जेवण यात धरू नये, कारण शिकलो नाही तरी जेवावे लागतेच. तिसरा भाग डोळ्यांना दिसत नाही, पण बहुधा तोच सर्वांत मोठा असतो : या काळात नोकरी केली असती तर मिळाली असती ती मिळकत. अर्थशास्त्रात याला वैकल्पिक खर्च म्हणतात. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार बी. एड. २०१५ पासून एका वर्षाऐवजी दोन वर्षांचे झाले, तेव्हा हा अदृश्य खर्च सरळ दुप्पट झाला. त्यातच किमान २० आठवडे शाळेत प्रत्यक्ष काम करावे लागते. त्यामुळे जोडनोकरीला वाव थोडाच उरतो.

उदाहरणादाखल काही आकडे धरू. वाचकांनी त्यांच्या जागी आपापले आकडे घालावेत. समजा फी वर्षाला ४०,००० रुपये, इतर खर्च २०,००० रुपये आणि पदवीधराला मिळू शकणारा पगार दरमहा १२,००० म्हणजे वर्षाला १,४४,००० रुपये. एका वर्षाचा खरा खर्च झाला २,०४,००० रुपये. पहिल्या वर्षाच्या रकमेवर शेकडा ८ दराने एका वर्षाचे व्याज धरले, तर दोन वर्षांअखेर एकूण बोजा ४,२४,३२० रुपये होतो. यात फी अवघी ८०,००० आहे, हे ध्यानात ठेवावे.

मिळकतीची बाजू

येथे पूर्ण पगार मोजावयाचा नसून पदवीमुळे वाढलेला पगार मोजावयाचा. बी. एड. न करणारा मित्र दोन वर्षांच्या अनुभवानंतर दरमहा १४,००० मिळवू लागला असे समजू. बी. एड. झालेल्याला सरकारी वा अनुदानित शाळेत ४०,००० मिळाले, तर वाढ वर्षाला ३,१२,००० रुपयांची. विनाअनुदान शाळेत १५,००० मिळाले, तर वाढ अवघी १२,००० रुपयांची.

उद्याचा रुपया आजच्या रुपयाइतका मोलाचा नसतो, म्हणून भावी मिळकत आजच्या किमतीत आणावी लागते. शेकडा ८ दराने, ३० वर्षे दर वर्षाअखेर मिळणाऱ्या एकेका रुपयाची आजची किंमत ११.२६ रुपये भरते. त्या हिशेबाने पहिल्या शिक्षकाची वाढीव मिळकत सुमारे ३५ लाखांची, तर दुसऱ्याची सुमारे १ लाख ३५ हजारांची. पहिल्याचा बोजा दुसऱ्याच वर्षी फिटतो. दुसऱ्याच्या बोज्यावरील वर्षाचे व्याजच सुमारे ३४,००० होते आणि वाढ १२,००० ची, म्हणजे त्याचा बोजा कधीच फिटत नाही. तो सुमारे २ लाख ८९ हजारांच्या तोट्यात राहतो. पदवी तीच, अभ्यास तोच. फरक पडतो तो नोकरी कोणती मिळाली यामुळे.

आता दहा विद्यार्थ्यांचा एक वर्ग डोळ्यांसमोर आणा. त्यांतील एकालाच सरकारी जागा मिळाली, तरी सर्वांचा मिळून खर्च सुमारे ४२ लाख ४३ हजार आणि वाढीव मिळकत सुमारे ४७ लाख २९ हजार. सरासरी पाहणारा म्हणेल, धंदा फायद्याचा आहे. पण सरासरी कोणाच्याच खिशात पडत नाही. एकाच्या पदरी मोठा लाभ आणि नऊजणांच्या पदरी तोटा, असे हे वाटप आहे. आमच्या आकड्यांनुसार शंभरांत सुमारे नऊजणांना चांगली जागा मिळाली, तर खर्च आणि लाभ यांची तोंडमिळवणी होते. जागेसाठी चार वर्षे वाट पाहावी लागली, तर हेच प्रमाण शंभरांत बारावर जाते. म्हणजे वाट पाहणे हाही खर्चच होय. जागेसाठी 'देणगी' भरावी लागणार असेल, तर तीही बोज्यात मिळवून हिशेब पुन्हा करावा.

नियमांचे वारे

संधी किती, हे नियमांवर अवलंबून असते. २०१० च्या अधिसूचनेनंतर पहिली ते आठवीच्या शिक्षकांना पात्रता परीक्षा आवश्यक झाली. तिच्यात १५० पैकी ६० टक्के गुण लागतात. २०२१ मध्ये तिचे प्रमाणपत्र आजीवन ग्राह्य ठरले. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवीसाठी बी. एड. ही पात्रता धरता येणार नाही असा निर्णय दिला. ज्याला लहान मुलांनाच शिकवावयाचे आहे, त्याने बारावीनंतरच्या पदविकेचा विचार करावा हे उघड आहे. चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रमही २०२३ पासून सुरू झाला आहे.

पगाराचेही तसेच. केंद्रीय विद्यालयातील प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ४४,९०० रुपयांपासून सुरू होते. उलट महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षण सेवकाला पहिली तीन वर्षे मानधनावर काढावी लागतात. ते २०२३ मध्ये ८,००० वरून १८,००० रुपये झाले. अशा ठिकाणी पहिल्या तीन वर्षांची वाढ वेगळी मांडावी.

आपल्या भागाची गोष्ट

बेळगावच्या विद्यार्थ्याला दोन बाजारपेठा दिसतात. कर्नाटकातील शासकीय नोकरीस कन्नडचे ज्ञान लागते. शिवाय २०१५ च्या कायद्याने कन्नड भाषा राज्यातील शाळांत टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. मराठी माध्यमात शिकलेल्याने चांगले कन्नड कमावले, तर त्याची संधी वाढते, आणि या अभ्यासाला दोन वर्षांची मिळकत सोडावी लागत नाही. हे मासिक दोन्ही भाषांत निघते, यातच हा धडा आहे. दुसरीकडे, ८६५ गावांतील मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रात प्रवेशाच्या स्वतंत्र तरतुदी आहेत, त्यांची माहिती वेळीच काढावी. केंद्रीय पात्रता परीक्षेत मराठी व कन्नड दोन्ही भाषा निवडता येतात.

हिशेबापलीकडे

हा हिशेब सर्वांना सारखा लागू पडत नाही. ज्या मुलीला घरचे दुसरी कोणतीच नोकरी करू देणार नाहीत, पण शाळेत जाऊ देतील, तिने सोडलेली मिळकत शून्य असते. तिच्या दृष्टीने १५,००० चा पगार ही सगळी वाढच होय. उलट दागिने गहाण टाकून फी भरणाऱ्या घराला तोट्याचा एक फटकाही पेलत नाही. शिकविण्याचा आनंद रुपयांत मांडता येत नाही हे खरेच. परंतु तो आनंद विकत घेताना किती किंमत मोजतो आहोत, हे ठाऊक असलेले बरे.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, अर्ज भरण्यापूर्वी एका कागदाचे दोन भाग करा. डावीकडे तिन्ही प्रकारचे खर्च लिहा. उजवीकडे आपल्या विषयाच्या आणि माध्यमाच्या किती जागा निघाल्या, त्यांना किती अर्ज आले, आणि त्या महाविद्यालयातून गेल्या तीन वर्षांत बाहेर पडलेले आज कोठे व किती पगारावर आहेत, हे विचारून लिहा. शेवटचा प्रश्न प्रवेशाच्या खिडकीवर नव्हे, तर त्या माजी विद्यार्थ्यांनाच विचारावा.

आणि आम्हा प्राध्यापकांनीही पहिल्याच तासाला हा हिशेब फळ्यावर मांडावा. ज्याला उद्या वर्गात गणित, अर्थशास्त्र वा भाषा शिकवावयाची आहे, त्याला आपल्या आयुष्याचे गणित आधी मांडता यावयास हवे.