टेस्ट वगळावी, पण सांगून

मधुरा : मामा, माझ्या लॅपटॉपवर पोस्टग्रेस नाही, म्हणून डेटाबेसच्या सगळ्या टेस्ट लाल होतात. वगळल्या तर चालेल?

मामा : चालेल काय, वगळायलाच हव्यात! लाल म्हणजे कोडमध्ये बिघाड. डेटाबेसच नसेल तर त्या टेस्टने कोडबद्दल चांगलं-वाईट काहीच सांगितलेलं नसतं. पायटेस्टमध्ये ‘स्किपइफ’ आहे, जेयुनिटमध्ये ‘अझ्यूमट्रू’. ऑटोमेकमध्ये टेस्टने 77 हा एक्झिट कोड दिला की ती वगळलेली धरतात.

मधुरा : पण शेवटी दिसतं हिरवंच ना?

मामा : म्हणून कारण लिहायचं. गिटच्या टेस्ट वाच जरा, तुम्ही मुलं दुसऱ्याचा कोड वाचतच नाही! फाइलची परवानगी काढून घेतल्यावर काय होतं, हे तपासणारी टेस्ट रूट म्हणून चालवली तर फसते, कारण रूटला परवानग्यांची आडकाठी नसते. म्हणून तिच्यापुढे ‘सॅनिटी’ ही अट लिहिलेली असते. विंडोजवर जमणार नाही अशा टेस्टचंही तसंच.

मधुरा : ते कळलं. पण ते कारण वाचतं कोण? बिल्ड सर्व्हरवरच डेटाबेस सुरू झाला नाही तर सगळं वगळून बिल्ड हिरवा!

मामा : हे मी एका कंपनीत पाहिलंय. पासवर्डच्या व्हेरिएबलचं नाव बदललं आणि पेमेंटच्या टेस्ट गुपचूप वगळल्या जाऊ लागल्या. लॉग उघडायची कुणाला फुरसत नव्हती. त्यात कुणीतरी ‘कनेक्शन तुटलं की वगळ’ असं लिहिलेलं. अगं, कनेक्शन आपल्याच कोडमुळे तुटलं असेल तर? अट टेस्टच्या आधी, वेगळी तपासायची. टेस्ट सुरू झाल्यावर आलेली एरर म्हणजे फेल.

मधुरा : बरं, पण सर्व्हरचं काय?

मामा : तिथे वगळायची मुभाच काढून घ्यायची. गिटच्या एचटीटीपीच्या टेस्ट एरवी वेब सर्व्हर सुरू झाला नाही तर वगळल्या जातात, पण ‘गिट_टेस्ट_एचटीटीपीडी’ हे व्हेरिएबल ‘ट्रू’ केलं की त्याच कारणाने फेल होतात. तूही तसंच कर. गिटहब आणि गिटलॅब दोघंही ‘सीआय’ नावाचं व्हेरिएबल आपणहून ठेवतात, ते तपास; असेल तर वगळू नकोस, फेल कर.

मधुरा : आणि ती तपासणीच कुणी काढून टाकली तर?

मामा : तर वगळलेल्या टेस्ट पाइपलाइनमध्ये मोज. ठरलेल्या यादीबाहेरची एक जरी निघाली तरी बिल्ड अडव. यादीत नाव घालायचं तर रिव्ह्यू लागेल. आता डॉकरमध्ये पोस्टग्रेस चढव बघू. ‘लॅपटॉपवर नाही’ हे कारण मी फार दिवस ऐकून घेणार नाही.